पांढऱ्या डोळ्यांची सात

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत झुरळाला झुरळ म्हणायची सोय नव्हती. वर्गात, जर्नलमध्ये, परीक्षेत खुशाल म्हणा. पण मागच्या अडगळीच्या खोलीत, जिथं ती वाढत होती, तिथं 'मंडळी' म्हणायचं. हा नियम आमच्या शिपाईमामांचा. मी एम.एस्सी. होऊन डेमॉन्स्ट्रेटर म्हणून कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या खोलीचं दार उघडून मी "ई, झुरळं!" म्हणाले. आतल्या अंधारातून आवाज आला, "मंडळी जेवाय बसल्यात. दार लावा की बाई."

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. मामांच्या या माठांआधी विच्छेदनाच्या तासाला मुलं झुरळं घरून आणत. मोरीतून, गटारातून, काड्यापेटीत भरून. कुणाचे पाय तुटलेले, कुणाचं अर्धमेलं. एकानं तर चपलेनं मारूनच आणलेलं. मामांनी हे दोन वर्षं पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच झुरळं पाळायला घेतली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कामाच्या यादीत बाटल्या पुसणं, बेडूक आणणं, सांगाडे झाडणं एवढंच होतं.

त्यांची पद्धत मी पुढं कितीतरी वर्षं पाहिली आणि एक सांगते, एखाद्या शिकलेल्या माणसालाही इतकं नीट जमलं नसतं. मोठे मातीचे माठ. माठाच्या गळ्याला आतून चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा, म्हणजे झुरळाचा पाय घसरतो आणि ते बाहेर येत नाही. हा पट्टा दर शनिवारी नवा. मामा माठात हात घालून बोट गोल फिरवायचे, डोळे मिटून, जसं काही आत लिहिलेलं वाचतायत. माठात निकाल लागून गेलेल्या मुलांच्या जर्नलची पुठ्ठी उभी घातलेली. खायला गव्हाचा कोंडा आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीत झाडून निघालेला चुरा. पाणी वाटीत नाही, ओल्या कापसात. "वाटीत बुडून मरत्यात. जीव लई, अक्कल कमी. आपल्या पोरांगत," असं ते म्हणत.

मामा तंबाखू खायचे. एकदा मळून तसाच हात माठात घातला आणि दुसऱ्या दिवशी त्या माठातली निम्मी मंडळी उताणी पडली होती. मामांनी त्या दिवशी तंबाखू सोडली ती कायमची. त्यांच्या बायकोला याचा फार राग होता. हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "वीस वर्षं मी घसा कोरडा केला, तर हालला न्हाय माणूस. आन झुरळांसाठी सोडली! बाई, तुमच्या कॉलेजात साप-बिंप न्हाईत का वो? काय तरी इज्जतीचं पाळाय द्या की त्यास्नी."

मामांचा जेवणाचा डबा बायको परड्यात राखेनं घासल्याशिवाय घरात घेत नसे. मामांना याचं काही वाटत नसे. दिवसभर शिंकत असायचे. सर्दी खडूच्या धुळीनं होते म्हणायचे. ती मंडळींमुळं होते हे मी त्यांना पुस्तक दाखवून सांगितलं, तर म्हणाले, "पुस्तक लिवणाऱ्यानं खडूबी वापरला आसंल की."

आमचं भांडण व्हायचं ते गुळावरून. विच्छेदनाच्या आदल्या दिवशी झुरळाला उपाशी ठेवावं लागतं. पोट भरलेलं असलं की आतडं फुटतं, ट्रेमधलं पाणी गढूळ होतं आणि पोराचे मार्क जातात. हे मी मामांना दरवर्षी सांगे आणि मामा दरवर्षी आदल्या संध्याकाळी मूठभर गूळ घालत.

"मामा, पोरांचं नुकसान होतं."

"फाशीच्या माणसालाबी इचारत्यात बाई, काय खाणार म्हणून."

आणि क्लोरोफॉर्मची बाटली माझ्या हातात देऊन ते व्हरांड्यात जाऊन उभे राहत. विच्छेदन चाललेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. "देतो मी, पण बघत न्हाय," म्हणत. मला हे ढोंग वाटे. मी तशी रोखठोक आहे. मला झुरळं तेव्हा आवडत नव्हती, आजही आवडत नाहीत. घरात दिसलं की चप्पल उचलते. पण ढोंग नव्हतं ते, हे आता कळतं.

जास्तीची मंडळी मात्र मामा हसत देऊन टाकत. दर सोमवारी जवळच्या तालमीतले एक म्हातारे वस्ताद यायचे. त्यांचा कानही मोडलेला आणि गुडघाही. त्यांच्याकडं पिंजऱ्यात तित्तर पक्षी होते आणि त्यांना जिवंत किडा लागे. वस्ताद दारातूनच ओरडायचे, "मामा, काय बेत आज?"

"कवळी हायती. पर तुमच्या पाखरास्नी पचत्याल का? कुस्ती तरी करत्यात का नुसतीच खात्यात?"

"तुमच्या झुरळांवर पोसलेलं पाखरू हाय. दुसरं बघून पळत सुटतंय."

दोघंही मोठ्यानं हसत. मग मामा डबीत झुरळं भरून देत.

आता पांढऱ्या डोळ्यांविषयी.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मामा गुळाच्या वखारीतून चुरा घेऊन आले ते थेट माझ्या टेबलाशी. बरणीत एक झुरळ होतं. "बाई, हिचं डोळं बघा."

मी मान वर न करता म्हणाले, "कात टाकली असेल." झुरळ कात टाकतं तेव्हा सगळंच दुधासारखं पांढरं असतं आणि तासाभरात पुन्हा तपकिरी होतं. पहिल्या वर्षाची मुलं दरवर्षी ते पाहून ओरडतात.

"अंग न्हाय बाई, डोळं. अंग झ्याक तपकिरी हाय."

मी पाहिलं. खरंच, अंग नेहमीचं आणि डोळे मात्र साबुदाण्यासारखे. मादी होती. मी म्हणाले, "असतं असं कधीकधी," आणि तपासायच्या वह्यांकडं वळले.

मामांनी तिला वेगळ्या माठात ठेवलं आणि सोबतीला एक नर सोडला. पिल्लं झाली ती सगळी काळ्या डोळ्यांची. तरी त्यांनी ती पिल्लं टाकली नाहीत. वाढवली. झुरळ मोठं व्हायला वर्षभर लागतं. तेवढं थांबले, आणि त्यांना आपापसातच ठेवलं. पुढच्या वर्षी एका सकाळी व्हरांड्याच्या टोकापासून हाक आली, "बाई! आज्जीवर गेली! नातवंडं आज्जीवर गेली!"

त्या बारक्या पिल्लांत थोडी पांढऱ्या डोळ्यांची होती. बाकीची, काळ्या डोळ्यांची, तिपटीनं जास्त. सातवी शिकलेल्या या माणसानं जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारून ती मोजली होती. हेच प्रमाण मी दरवर्षी फळ्यावर वाटाण्याचं उदाहरण घेऊन शिकवत होते. माझ्यासमोर एक माणूस ते पुस्तकाशिवाय शोधून काढत होता आणि मला वाटलं काय, तर यांना उद्योग नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, मामांना नव्हती. त्या काळ्या डोळ्यांच्या भावंडांतल्या बऱ्याच जणांत आजी लपलेली होती. त्यांच्यापासून पुन्हा पांढऱ्या डोळ्यांची पिल्लं झाली असती. मामा ती भावंडं सोमवारी डबीत भरून तित्तरांना देत होते आणि मी शेजारच्या टेबलावर बसून बघत होते. एका वाक्याचं काम होतं. मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं आणि विरून गेलं.

पांढऱ्या डोळ्यांची सात वाढली. त्यांना मामांनी काचेच्या बरणीत, मलमलीचं फडकं बांधून, आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. आणि मग माझ्यामागं लागले. "बाई, विंग्रजीत चार वळी लिवा. पुण्याला, मुंबईला, कुटं असत्यात ते किड्यांचं जाणकार, त्यास्नी. पैका नको, नाव नको. कुणी तरी शिकलेल्या माणसानं बघावं आन म्हणावं की हे खरं हाय. एवढंच."

"मी बघितलंय की."

"तुमी 'असतं असं' म्हणालासा."

त्यावर मी "लिहिते, लिहिते" म्हणाले. लिहिलं नाही. त्या वर्षी माझी लेक्चररची जागा पक्की व्हायची होती, घरात लग्नाची बोलणी चालू होती. ही कारणं खरी आहेत. पण चार ओळींना किती वेळ लागतो?

मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेचे बाहेरचे परीक्षक म्हणून पुण्याचे जे सर येणार होते ते किड्यांचेच अभ्यासक निघाले. मामांचा आनंद पाहवेना. "आता पत्राचं काय काम न्हाय. सायबच यायला लागल्यात."

परीक्षेच्या आदल्या दिवशी गगनबावड्याहून निरोप आला. मामांची थोरली बहीण गेली. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. मामा सकाळच्या एस.टी.नं निघाले. निघण्यापूर्वी अंगावर कुडता तसाच उलटा घातलेला, तोंड सुजलेलं, अशा अवस्थेत माझ्या घरी आले आणि कपाटाची किल्ली हातावर ठेवली.

"परीक्षेची मंडळी काढून ठेवल्यात, मोठ्या डब्यात. मोजून. आन सरास्नी माझी तेवढी दावा. च्या झाल्यावर दावा. च्या घेतल्याबिगर माणूस नीट बघत न्हाय."

"दाखवते. तुम्ही या जाऊन."

"सात हायती."

"माहितीय मला मामा."

पहिले दोन दिवस परीक्षा सुरळीत पार पडली. सर गंभीर, कमी बोलणारे. चहा दोन्ही दिवशी झाला. पहिल्या दिवशी आमचे विभागप्रमुख बोलत बसले, दुसऱ्या दिवशी सरांना घाई होती. मी म्हटलं, उद्या दाखवू.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कॉलेजची मागं राहिलेली मुलं आमच्याकडं पाठवलेली निघाली. आम्हाला कल्पना नव्हती. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या, प्रश्न ठरले, आणि पाहते तर मोठी झुरळं सहा कमी. माठांत पिल्लं होती, पण ती नखाएवढी; त्यांचं काय फाडणार? सहा मुलं रिकाम्या ट्रेसमोर उभी. त्यात एक मुलगी, दोनदा नापास झालेली, रडायला लागली. विभागप्रमुख मला बाजूला घेऊन दात-ओठ खात म्हणाले, "बाहेरचा माणूस बसलाय. काहीही करा, पण दहा मिनिटांत करा."

मी किल्ली काढली.

मला त्या क्षणी कसलाही मोह किंवा राग नव्हता. मी हिशेब केला. सहा मुलांचं वर्ष एकीकडं आणि बरणीतले किडे दुसरीकडं. हा हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही. पण सहाच लागत होती आणि मी सातही काढली. प्रत्येक तुकडीला एक जादा तयार ठेवायचं, कुणाचं बिघडलं तर हाताशी असावं, ही आमची रीत होती. मामांनीच घालून दिलेली. मी रीत पाळली. सातही क्लोरोफॉर्मच्या बाटलीत टाकली. सातवं कुणाला लागलं नाही. एक जरी ठेवलं असतं तरी पुरलं असतं. मामांनी एकीवरूनच तर सुरुवात केली होती.

तासाभरानं सर टेबलांमधून फिरत होते. त्या रडणाऱ्या मुलीच्या ट्रेपाशी थांबले. वाकले. खिशातून भिंग काढलं. शेजारच्या ट्रेकडं गेले, त्याच्या पुढच्याकडं गेले. मग माझ्याकडं आले आणि तीन दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा उजळलेला दिसला.

"ही कुठली तुमची? डोळ्यांत रंगच नाहीये. मी हे फक्त वाचलंय हो, पाहिलं नव्हतं. आणखी आहेत ना?"

"नाही सर."

"एखादं तरी? जिवंत?"

सातवं माझ्या हाताशी, बाटलीत होतं. पाय आखडलेले.

"नाही."

"कुणी वाढवलीत? एका वेळी सहा म्हणजे कुणीतरी नीट जोपासलेली दिसतात."

पाळलेली आहेत म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग मारली का. शेजारी विभागप्रमुख उभे होते. मी म्हणाले, "गटारातून धरून आणतो आम्ही. त्यातच आली असतील."

"अरेरे," सर म्हणाले. भिंग खिशात ठेवलं. "कुठलं गटार ते तरी लिहून ठेवत जा." आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

त्या मुलीला पास होण्यापुरते मार्क मिळाले. हेही सांगायला हवं.

मामा तेरावं उरकून परतले. डोकं भादरलेलं, अंगात धुतलेला सदरा. मी आधीच ठरवलं होतं की सरळ सांगायचं, आडवळण घ्यायचं नाही. अडगळीच्या खोलीत ते कपाट उघडत होते तेव्हाच मी म्हणाले, "मामा, बरणी रिकामी आहे. जादा मुलं आली. सहा कमी पडली. मी घेतली."

ते पाठमोरे होते. त्यांनी कपाटाचं दार पुरतं उघडलं.

"पोरांचं झालं का नीट?"

"झालं."

"उपाशी न्हवती की वो ती," ते म्हणाले. "मी जाताना गूळ घातलावता. पाणी घाण झालं आसंल."

"नाही झालं."

मग त्यांनी बरणी काढली, उजेडात धरली, आतलं पुठ्ठं उलटून पाहिलं. अंड्याची एखादी डबी चिकटलेली आहे का, बघत होते. मी ते परीक्षेच्या दिवशीच बघितलं होतं. नव्हती.

"सा कमी पडली म्हणालासा. सातवं?"

मी फळीवरच्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीकडं पाहिलं.

"जादाचं," तेच म्हणाले. "व्हय. जादाचं लागतंच."

मी त्यांना म्हणाले की आपण वखारीत पुन्हा शोधू, मी स्वतः येते. आणि गेलेही, दोनदा. गुळाच्या ढेपांमागं पदर खोचून बॅटरी घेऊन हिंडले, हमाल हसत होते. एक नाही दोन नाही, शेकड्यांनी होती, सगळी काळ्या डोळ्यांची. पण तो पुढचा भाग. त्या दिवशी मामांनी बरणी पुसून उपडी ठेवली, फडक्याची घडी केली आणि माझ्याकडं वळून विचारलं,

"सरांनी बघितली का वो?"

आता सांगता आलं असतं. त्यांनी ओळखलं, भिंग काढून बघितलं, कुणीतरी नीट जोपासलेली आहेत म्हणाले. दोन-अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य माझ्याजवळ होतं. पण त्याच्यामागोमाग ते गटारही सांगावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना गडबड होती. त्यांचं लक्ष गेलं नाही."

मामांनी मान हलवली. मला वाटलं, खचतील. तर त्यांचा चेहरा उलट जरा सैल झाला.

"बरं झालं," ते म्हणाले. "बघितली असती तर मागितली असती. मग काय तोंड दावलं असतं आपण त्यास्नी?"

त्यानंतर मामा चार वर्षं कॉलेजात होते. रोज सकाळी माझ्याआधी यायचे, दार उघडून ठेवायचे, "आलासा बाई?" म्हणायचे. सांगायला रोज वेळ होता.